लिनक्सवर खेळ चालतात, पण कोणाच्या यंत्रावर?

विंडोज १० या संगणक प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि त्याचा परिणाम मुंबई-पुण्यातील कार्यालयांपेक्षा कोकणातील घरांवर अधिक झाला. मुंबईच्या कार्यालयांतून बाहेर पडलेले, थोडीफार डागडुजी केलेले जुने संगणक चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ या गावांतील दुकानांत विकले जातात, किंवा गणपतीला गावी येणारा चाकरमानी पुतण्यासाठी असा एखादा संगणक गाडीच्या डिकीत घालून आणतो. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि या जुन्या यंत्रांपैकी बहुतेकांत या दोन्ही गोष्टी नसतात. अशा वेळी विंडोजऐवजी लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीचा सल्ला दिला जातो, आणि पत्रव्यवहार, हिशेब, ऑनलाइन अर्ज, अभ्यासाचे व्हिडिओ एवढ्यापुरता तो सल्ला अगदी योग्य आहे. घोटाळा पुढे होतो. तो संगणक संध्याकाळी घरातील मुलाच्या हाती जातो, आणि मुलाचा पहिलाच प्रश्न असतो, “दादा, हेच्यार गेम चलतले मां?” त्यावर लिनक्सचा उत्साही पुरस्कर्ता छातीठोकपणे सांगतो की आता सगळे गेम चालतात.

माझे म्हणणे असे की हे उत्तर कोकणातल्या बहुतेक घरांपुरते खोटे आहे, आणि लिनक्सचे जेवढे नुकसान त्याच्या विरोधकांनी केले नसेल तेवढे या एका उत्तराने होते. मी स्वतः रोजच्या कामासाठी लिनक्सच वापरतो, म्हणून हे आतल्याने आतल्यांना सांगणे आहे.

आधी श्रेय द्यायला हवे. विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा ‘वाइन’ हा प्रकल्प १९९३ साली सुरू झाला आणि त्याची १.० आवृत्ती यायला २००८ साल उजाडले. पंधरा वर्षे काही माणसे आपल्या सवडीने एका अवाढव्य आणि बंदिस्त प्रणालीचे वागणे बाहेरून निरखून पुन्हा लिहून काढत होती. १९९८ साली स्थापन झालेल्या लोकी सॉफ्टवेअर या कंपनीने प्रसिद्ध खेळांच्या लिनक्स आवृत्त्या काढून विकण्याचा प्रयत्न केला, आणि २००२ च्या आरंभी ती बंद पडली. २०१३ साली व्हॉल्व्ह कंपनीने आपले ‘स्टीम’ हे खेळांचे दुकान लिनक्सवर आणले. त्या बळावर २०१५ साली बाजारात आलेली ‘स्टीम मशीन’ नावाची यंत्रे सपशेल पडली, कारण ग्राहकाला हवे ते खेळ त्यांवर नव्हते. खरा पालट ऑगस्ट २०१८ मध्ये झाला. व्हॉल्व्हने वाइनवर आधारलेले ‘प्रोटॉन’ बाहेर आणले आणि खेळ तयार करणाऱ्याने वेगळी लिनक्स आवृत्ती काढण्याची गरजच बहुतांशी संपवली. विंडोजवरचा खेळ पडद्यावर चित्र काढण्यासाठी डायरेक्ट-थ्रीडी या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत आज्ञा देतो. ‘डीएक्सव्हीके’ हा प्रोटॉनमधील भाग त्या आज्ञांचे २०१६ साली आलेल्या ‘व्हल्कन’ या खुल्या मानकात रूपांतर करतो, आणि हे रूपांतर इतक्या चपळाईने होते की काही खेळ विंडोजइतक्याच वेगाने चालतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळण्याचे लिनक्स यंत्र विक्रीला आले. स्टीमच्या मासिक पाहणीत वर्षानुवर्षे एका टक्क्याच्या आसपास रेंगाळणारा लिनक्सचा वाटा ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रथमच तीन टक्क्यांच्या वर गेला. ज्यांनी २००५ च्या सुमारास वाइनमध्ये एखादा खेळ सुरू करण्यासाठी रात्री घालवल्या आहेत, त्यांना ही प्रगती चमत्कारासारखी वाटली तर त्यात नवल नाही.

परंतु हा चमत्कार कोणत्या यंत्रावर होतो, हे कोणी विचारत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये डीएक्सव्हीकेची २.० आवृत्ती आली आणि तिने व्हल्कन १.३ ही किमान अट घातली. अट घालण्यामागची तांत्रिक कारणे सबळ होती. जुन्या ड्रायव्हरांसाठी, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामांसाठी, किती काळ दुहेरी रस्ता सांभाळायचा, याला मर्यादा असते. तिचा परिणाम मात्र असा झाला की एनव्हिडिया कंपनीची केप्लर या जुन्या पिढीची ग्राफिक्स कार्डे, म्हणजे आपल्याकडे स्वस्तात स्वस्त म्हणून हजारो संगणकांत बसवलेली जीटी ७१० आणि बहुतांश जीटी ७३०, नव्या प्रोटॉनच्या बाहेर पडली, कारण त्यांच्यासाठी मिळणारा ४७० मालिकेतील शेवटचा ड्रायव्हर व्हल्कन १.२ च्या पुढे जात नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्सची गत याहून वेगळी नाही. तिथे व्हल्कनचा आधार अपुरा असल्याचा इशारा ड्रायव्हर स्वतःच देतो. हीच दोन यंत्रे, चौथ्या पिढीचा आय-थ्री किंवा आय-फाइव्ह आणि जोडीला जीटी ७१०, कोकणातील जुन्या संगणकांच्या बाजारात सर्वाधिक दिसतात. विंडोज १० वर हेच कार्ड डायरेक्ट-थ्रीडीच्या अकराव्या आवृत्तीचे खेळ कमी दर्जाच्या चित्रात का होईना, पण चालवत होते. म्हणजे जे संगणक लिनक्समुळे भंगारात जाण्यापासून वाचतात, नेमक्या त्याच संगणकांवर लिनक्सची खेळांतील सर्वांत मोठी कमाई उपयोगी पडत नाही. ‘जुन्या संगणकाला नवे आयुष्य’ आणि ‘आता सगळे गेम चालतात’ ही दोन वाक्ये सुटी सुटी खरी ठरू शकतात. एकाच यंत्राविषयी ती एका दमात उच्चारली की फसवणूक होते.

यावर वाटा आहेत. स्टीममध्ये त्या खेळापुरते प्रोटॉनचे सातवे संस्करण निवडले तर त्यातील जुने डीएक्सव्हीके केप्लर कार्डांवर पुष्कळदा काम करते. तेही न जमल्यास व्हल्कनऐवजी ओपनजीएल या जुन्या चित्र-मानकाचा हळू रस्ता उरतो. पण चौदा वर्षांच्या मुलाला हे कोणी सांगायचे? खेळ सुरू होतो न होतो तोच खिडकी गुपचूप मिटते, कोणताही संदेश येत नाही, आणि मुलगा असा निष्कर्ष काढतो की लिनक्समध्ये खेळ चालत नाहीत. त्याच्या यंत्रापुरता तो निष्कर्ष बरोबरच असतो.

कोकणापुरत्या आणखी दोन अडचणी आहेत, ज्या बंगळूरला किंवा बर्लिनला बसून लिहिलेल्या मार्गदर्शनात येत नाहीत. पहिली इंटरनेटची. लिनक्सवरील स्टीम खेळाबरोबरच शेडर नावाच्या चित्रविषयक लघुप्रोग्रामांचा आधीच तयार केलेला साठा उतरवून घेते, आणि खेळात किंवा ड्रायव्हरमध्ये बदल झाला की तो पुन्हा पुन्हा उतरतो. फायबरची तार घरापर्यंत आलेल्याला याची जाणीवही होत नाही. डोंगराच्या पलीकडच्या वाडीत मोबाइलच्या रोजच्या दोन जीबी डेटावर संगणक चालवणाऱ्याचा दिवसाचा कोटा मात्र खेळ उघडण्याआधीच संपतो. हा साठा उतरवणे बंद करता येते, पण ती सोय सेटिंगमध्ये आहे हे माहीत असावे लागते.

दुसरी अडचण विजेची. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले. वादळे सोडून दिली तरी पावसाळ्याचे चार महिने लाइट जाणे हे आमच्या दिनक्रमातच आहे आणि प्रत्येक घरात इन्व्हर्टर नसतो. अपडेट चालू असताना वीज गेली की नेहमीच्या लिनक्स वितरणांत, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार आवृत्त्यांत, पॅकेजांची (प्रणालीच्या सुट्या भागांची) मांडणी अर्धवट राहते. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, नवा आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर जुना अशी विजोड जोडी जमते आणि सकाळी काळा पडदा समोर येतो. यावर आज चांगला उपाय आहे. स्टीम डेकची प्रणाली किंवा ‘बझाइट’सारखी वितरणे संपूर्ण प्रणालीची एकसंध नवी प्रत बाजूला तयार करतात, ती पूर्ण झाल्यावरच पुढच्या वेळी तिच्यातून संगणक सुरू होतो, आणि बिघडल्यास आधीची प्रत शाबूत असते. वारंवार वीज जाणाऱ्या प्रदेशासाठी याहून सोयीची रचना मला ठाऊक नाही. (जुन्या केप्लर कार्डांना मात्र ‘बझाइट’चाही उपयोग नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो.) तरीही जाणकार मंडळींत अशा वितरणांविषयी एक तुच्छता ऐकू येते: हात घालता येत नाही, हे कसले लिनक्स? हात घालता न येणे हाच ज्याचा गुण आहे, त्याला दोष समजण्याची ही वृत्ती लिनक्स वापरणाऱ्यांच्या समाजाच्या मोठ्या दुखण्याचे एक लक्षण आहे. त्या दुखण्याकडे वळण्याआधी एका अडचणीचा विचार करावा लागेल, जिच्यात समाजाची बाजू बरीचशी न्याय्य आहे.

ती म्हणजे लबाडी रोखणारे, ज्याला अँटी-चीट म्हणतात ते, सॉफ्टवेअर. अनेकांनी एकत्र खेळायच्या ऑनलाइन खेळांत भिंतीपलीकडचे दिसणे, आपोआप नेम लागणे अशा लबाड्या करणारे प्रोग्राम सर्रास विकले जातात. त्यांना पकडण्यासाठी रायट कंपनीचे ‘व्हॅनगार्ड’ थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, जाऊन बसते. २०२० साली ‘व्हॅलोरंट’ या नेमबाजीच्या खेळाबरोबर ते आले, मे २०२४ मध्ये ते ‘लीग ऑफ लेजंड्स’लाही लावले गेले, आणि तोवर वाइनच्या साहाय्याने हा खेळ लिनक्सवर खेळणाऱ्यांचा मार्ग एका अपडेटमध्ये बंद झाला. ‘ईझी अँटी-चीट’ आणि ‘बॅटलआय’ या दोन प्रचलित प्रणालींनी सप्टेंबर २०२१ मध्येच प्रोटॉनला आधार देऊ केला होता, पण तो चालू करायचा की नाही हे खेळाच्या मालकावर सोपवले. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘जीटीए ऑनलाइन’ला बॅटलआय जोडले गेले आणि ही परवानगी न दिल्यामुळे लिनक्सवरचे खेळाडू बाहेर राहिले, ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘एपेक्स लेजंड्स’ने, लबाडांना लिनक्सची वाट सोपी जाते असे कारण देऊन, आधी दिलेला प्रवेश काढून घेतला.

खेळाच्या कंपनीला आपल्या संगणकाच्या गाभ्यात बसू देणे धोक्याचे आहे, हे लिनक्सवाल्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली, विमाने खोळंबली, रुग्णालयांची कामे अडली. तो खेळ नव्हता, पण गाभ्यात बसलेल्या परक्या प्रोग्रामची एक चूक किती महाग पडते, ते त्या दिवशी सगळ्यांना दिसले. दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही पोकळ नाही. लिनक्समध्ये गाभाच वापरणाऱ्याच्या हाती असतो, तो हवा तसा बदलून पुन्हा बांधता येतो, आणि म्हणूनच गाभ्यात पहारेकरी बसवून त्याच्यावर विसंबण्याची पद्धत तिथे लागू पडत नाही. ज्याला आपण स्वातंत्र्य म्हणतो तेच त्या कंपनीला खिंडार दिसते, आणि तीन टक्के ग्राहकांसाठी नवी पद्धत शोधण्याचा खर्च कोणी उचलत नाही.

इथवर मतभेदाला जागा आहे. समाजाचे पुढचे पाऊल मात्र मला अजिबात मान्य नाही, आणि ते म्हणजे “मग तो खेळ खेळू नका” हे उत्तर. कुडाळच्या मुलाने व्हॅलोरंट निवडलेला नसतो. त्याच्या शाळेतल्या चौघांनी तो निवडलेला असतो, आणि हा त्यांच्यातला पाचवा असतो. तो खेळ इंटेल एचडी ४००० सारख्या जुन्या ग्राफिक्सवरही चालतो आणि फुकट मिळतो, म्हणूनच तो या मुलांपर्यंत पोहोचला. त्याऐवजी ‘काउंटर-स्ट्राइक २’ खेळ, तो लिनक्सवर थेट चालतो, असे सुचवणाऱ्याने त्याचा संगणक पाहिलेला नसतो आणि त्याचे मित्रही विचारात घेतलेले नसतात. शिवाय डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणल्यापासून जिल्ह्याच्या ठिकाणीही लहानमोठ्या स्पर्धांची भाषा होऊ लागली आहे. त्यात उतरू पाहणाऱ्या मुलाला तत्त्वासाठी खेळ सोडायला सांगणे, तेही स्वतः तो खेळ कधी न खेळलेल्या माणसाने सांगणे, हा त्याग दुसऱ्याच्या खात्यावर मांडण्याचा प्रकार आहे.

आता त्या दुखण्याविषयी. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या लोकप्रिय कॅनेडियन व्हिडिओकर्त्याने लिनक्सवर खेळ खेळून पाहण्याचा जाहीर प्रयोग केला. पॉप-ओएस या वितरणावर स्टीम बसवताना पॅकेजांतील एका चुकीमुळे प्रणालीने त्याला विचारले की त्यासाठी कितीतरी आवश्यक भाग काढावे लागतील, चालेल का. “हो, मी सांगतो तसेच कर” अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्य टाइप करून त्याने संमती दिली, आणि त्याचा संपूर्ण डेस्कटॉपच उडाला. स्टीम बसवणे यासारख्या साध्या कामात हे घडू शकते, हे धक्कादायक होते. त्यावर लिनक्स समाजातील पुष्कळांची पहिली प्रतिक्रिया अशी होती की इशारा वाचायला नको होता का? इशारा होता, हे खरे. पण ज्यांच्यावर प्रत्यक्ष जबाबदारी होती ते वितरणकर्ते असे म्हणत बसले नाहीत. त्यांनी ‘एपीटी’ या पॅकेजे बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनात बदल करून आवश्यक भाग इतक्या सहजी काढता येणार नाहीत अशी व्यवस्था केली, आणि मूळ एपीटीमध्येही तशी सुधारणा झाली. म्हणजे दोष साधनात होता हे घडवणाऱ्यांनी मान्य केले. मान्य करायला जड गेले ते नुसत्या वापरणाऱ्यांना.

या फरकाचे मूळ मला मानात दिसते. शिमग्यात देवाची पालखी कोणाच्या खांद्यावर आधी यायची यावरून आमच्या गावागावांत पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालतात, आणि जितका मानकरी दूरचा तितका त्याचा आवाज मोठा असतो. लिनक्सच्या दुनियेत ‘आर्च’ हे अवघड वितरण वापरणारा ‘उबुंटू’ या सोप्या वितरणाच्या वापरकर्त्याला कमी लेखतो, आज्ञा टाइप करणारा टर्मिनलवाला माउसवाल्याला, थेट लिनक्स आवृत्तीचा आग्रही प्रोटॉनवाल्याला. ज्याने हे ज्ञान कष्टाने मिळवले त्याला ते सोपे झालेले पाहवत नाही. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या उद्धट लेखनाबद्दल जाहीर क्षमा मागून काही काळ रजा घेतली आणि कर्नलच्या प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. त्यांच्या करड्या भाषेचे अनुकरण करणाऱ्या कित्येकांपर्यंत ती क्षमायाचना मात्र पोहोचलेलीच दिसत नाही.

थेट लिनक्स आवृत्तीच्या आग्रहाबद्दल इथे थोडे अधिक लिहायला हवे, कारण तो तत्त्वनिष्ठ वाटतो आणि व्यवहारात उलटा पडतो. कर्नल जुने प्रोग्राम मोडू देत नाही, हा टोरवाल्ड्स यांचा नियम प्रसिद्ध आहे. पण कर्नलच्या वर बसणाऱ्या लायब्रऱ्यांना, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या तयार भागांना, तो तितका कडकपणे लागू नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जीलिबसी’ या मूलभूत लायब्ररीच्या २.३६ आवृत्तीत एका जुन्या सारणीची उभारणी डीफॉल्ट म्हणून बंद करण्यात आली, आणि ईझी अँटी-चीट वापरणारे काही खेळ अचानक थांबले. जुन्या सारणीवर विसंबणारे चुकले की ती काढणारे, यावर वाद झडला. खेळाडूला त्याचे काय? दहा वर्षांपूर्वीचा थेट लिनक्स खेळ आज अनेकदा सुरूही होत नाही, आणि त्याच खेळाची विंडोज आवृत्ती प्रोटॉनमधून निर्धोक चालते. लिनक्सवर सर्वांत टिकाऊ ठरलेला पाया विंडोजचा आहे, हा विनोद लिनक्सवालेच करतात, पण त्यातून काही शिकत नाहीत. आणि हे सारे ज्या प्रोटॉनमुळे शक्य झाले, त्याचा खर्च एक खासगी कंपनी आपल्या दुकानाच्या हितासाठी करते, हेही स्वातंत्र्याच्या भाषणांत सोयीस्करपणे विसरले जाते.

समाजाच्या बाजूने एक गोष्ट सांगणे न्यायाचे होईल. मदत करणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात, आणि “चालत नाही” एवढ्या दोन शब्दांवर निदान करता येत नाही. कार्ड कोणते, ड्रायव्हर कोणता, प्रोटॉन कितवे, हे विचारणे उद्धटपणा नव्हे. पण मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला ही माहिती कशी काढायची हे मराठीत सांगणारे किती जण आहेत? इंग्रजी आज्ञांची एक ओळ त्याच्या अंगावर फेकली जाते, ती त्याने अर्थ न कळता चिकटवावी अशी अपेक्षा असते, आणि काही बिघडले की पुन्हा तोच प्रश्न येतो: इशारा वाचायला नको होता का?

म्हणून कोकणात लिनक्स बसवून देणाऱ्याने, मग तो दुकानदार असो, अभियांत्रिकीचा विद्यार्थी असो किंवा वाचनालयाचा हौशी कार्यकर्ता, पेन ड्राइव्ह लावण्याआधी कार्ड पाहावे आणि कोणता खेळ, कोणाबरोबर, हे विचारावे. एकट्याने खेळायचे जुने खेळ असतील आणि कार्ड व्हल्कन १.३ चे असेल, तर निःशंक लिनक्स बसवावे. कार्ड केप्लरचे असेल तर प्रोटॉनचे जुने संस्करण त्याने स्वतः निवडून, खेळ सुरू करून दाखवून मगच उठावे. शाळेच्या किंवा वाचनालयाच्या संगणकांसाठी ‘सुपरटक्सकार्ट’, ‘लुआंटी’, ‘वेसनॉथ’ असे मुक्त खेळ पुरेसे आहेत, ते थेट चालतात आणि जुन्या यंत्रावर निदान पहिले व तिसरे तरी कमी दर्जाच्या चित्रात रखडत नाहीत. आणि व्हॅलोरंट हवाच असेल, तर लिनक्सवर तो चालणार नाही असे स्वच्छ सांगून विंडोज १० चा एक भाग डिस्कवर शिल्लक ठेवावा. त्याला मिळणारे वाढीव सुरक्षा अपडेट घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत, तेव्हा त्या भागात खेळाखेरीज काही करू नये, आणि बँकेचे व्यवहार, सातबाऱ्याचे उतारे, आईची प्रमाणपत्रे हे सारे लिनक्सच्या बाजूला ठेवावे. दोन प्रणाली शेजारी शेजारी नांदवणाऱ्याला अर्धवट म्हणण्याची पद्धत आहे. तसे म्हणणाऱ्यांपैकी कोणी त्या मुलाच्या घरी जाऊन त्याला पाचवा खेळाडू मिळवून देत असेल, तर त्याचे म्हणणे मी जरूर ऐकून घेईन.